बाहीचा तुकडा

शशिकलाचं काम जुनी कापडं सांभाळण्याचं. मूळची ती नाशिकची; नवरा संजीव कतारमध्ये रास लफानला इंजिनियर, घर अल खोरला. ती रोज अल रय्यानमधल्या एका संग्राहकाच्या बंगल्यात कामाला जायची. ने-आण करायला बंगल्यावरचाच ड्रायव्हर होता, बालाजी, लातूरकडचा.

बंगल्याच्या मागच्या थंडगार, बिनखिडकीच्या खोलीत मोठ्या टेबलावर एक लहान मुलाचा रेशमी अंगरखा पसरलेला असायचा. हजार-बाराशे वर्षांपूर्वी मध्य आशियात विणलेला, कुठल्यातरी डोंगरातल्या थडग्यातून निघालेला. मंजिष्ठेच्या लाल रंगावर मोत्यांची गोल कडी आणि प्रत्येक कड्यात समोरासमोर दोन बदकं, गळ्यात फिती बांधलेली. हे सगळं विणकामातच काढलेलं होतं. त्याला डावी बाही नव्हती. खांद्याची कड अजून मातीने माखलेली होती, म्हणून बाही कुजून गेली असं सगळे धरून चालले होते.

अंगरखा मालकांना मिळवून दिला होता हरिदासने. हा माणूस गिरगावचा. दोहात बरीच वर्षं जुन्या वस्तूंची दलाली करत होता. गोड बोलायचा, शशिकलाला वहिनी म्हणायचा, दिवाळीला चिवडा आणून द्यायचा.

त्या दुपारी तो आला तेव्हा मालक परदेशात होते. त्याने टिश्यू कागदात गुंडाळलेला एक तुकडा टेबलावर ठेवला.

"नशीब बघा वहिनी. त्याच विणीचा तुकडा. शेजारच्या थडग्यात सापडला. तुम्ही एकदा अस्सल म्हणालात की मालक डोळे झाकून घेतील."

शशिकलाने तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली सरकवला. रेशीम अस्सल होतं. मग तिने कड पाहिली आणि तिचा हात थांबला. जुन्या कडेला धाग्यांची टोकं विसकटतात, मातीने काळी पडतात. ही टोकं सरळ होती, आतला लाल ताजा होता. तिने तुकडा उचलून अंगरख्याच्या खांद्याजवळ धरला. खांद्यावर अर्धं बदक होतं. उरलेलं अर्धं तुकड्यावर होतं.

"हे शेजारच्या थडग्यातलं नाही," ती म्हणाली. "ही याचीच बाही आहे. कात्रीने कापलेली. अलीकडेच."

हरिदास आधी हसला. मग त्याने खोलीचं दार लोटलं आणि खुर्ची ओढून बसला.

"आता तुमच्यापासून काय लपवायचं? अंगरखा निघाला तेव्हा मी तिथेच होतो. आत पोराचा हात होता, वाळून बाहीला चिकटलेला. ओढला तर येईना. बाही कापली, मग हाडं मोडून मोडून बाहेर काढली."

"आणि हाडं?"

"टाकली तिथेच. हाडं कोण घेणार वहिनी?"

शशिकलाने हातातला तुकडा अलगद टेबलावर ठेवला. तिचा मुलगा अनय तेव्हा जेमतेम शाळेत जाऊ लागला होता. सकाळी त्याच्या शर्टाच्या बाहीत त्याचा हात घालून देताना त्याची बोटं अडकायची आणि तो खिदळायचा.

"मी मालकांना कळवते," असं म्हणून तिने कपाटाच्या उघड्या खणातला फोन घ्यायला डावा हात घातला.

हरिदासने खण लाथेने बंद केला.

स्टीलच्या जाड खणात तिची चार बोटं चिरडली. ती किंचाळली. हात काढू लागली तर त्याने गुडघा खणावर दाबून धरला. "गप्प राहायचं," तो अगदी शांतपणे म्हणाला, "नाहीतर हा हातसुद्धा तसाच काढीन." मग त्याने गुडघा काढला आणि तो टेबलाकडे वळला. कापलेली कडच राहिली नाही तर सिद्ध काय होणार? त्याने अंगरख्याचा खांदा मुठीत धरला आणि ओढला. रेशीम कोरड्या पानासारखं फाटलं. बदकांचा भुगा टेबलावर सांडला.

कापड सपाट राहावं म्हणून वापरायची पितळी वजनं टेबलाच्या कोपऱ्यात असायची. शशिकलाने उजव्या हाताने एक उचललं आणि त्याच्या जबड्यावर मारलं. काहीतरी मोडल्याचा आवाज झाला. तो टेबलावर आदळला, तिथून खाली पडला. त्याने तिचा पाय धरला, तिने त्याच्या तोंडावर मारलं. पाय सुटला. तो हात पुढे करून "नको, नको" म्हणू लागला, आणि तिने त्या हातावर मारलं, मग डोळ्यावर. तिच्या चिरडलेल्या बोटांतून रक्त ठिबकत होतं, पण तिला दुखत नव्हतं. हरिदासचं नको नको थांबलं तरी ती थांबली नाही.

किंकाळी ऐकून बालाजी धावत आला. त्याने मागून तिच्या कमरेला विळखा घातला.

"सोडा म्याडम! मरंल त्यो! सोडा!"

तिने बालाजीलाही कोपर मारलं. त्याचं नाक फुटलं, तरी त्याने विळखा सोडला नाही. वजन तिच्या हातून पडलं तेव्हा हरिदासच्या तोंडातून रक्ताचे बुडबुडे येत होते.

बालाजीने अँब्युलन्स बोलावली. मग तो तिच्यापुढे उकिडवा बसला. "मी मारलं म्हणून सांगतो. तुमाला लेकरू हाय. मला काय, खलास, पाठवतील गावाकडं."

"नाही बालाजी. तुम्ही मला आवरलंत, तेवढंच सांगा."

"म्याडम, जेल होईल."

"होऊ दे. मीच मारलंय."

पोलिसांना तिने इंग्रजीत सगळं सांगितलं, तो पडल्यानंतरचंही. खोलीतल्या कॅमेऱ्यातही तेच दिसलं. हरिदासचा जबडा तारांनी बांधावा लागला. एक डोळा गेला तो गेलाच. फसवणूक, चोरीचा माल आणि मारहाण, तिन्ही गुन्ह्यांत त्याला कैद झाली. स्वतःचा बचाव करताना शशिकलाने मर्यादा ओलांडली, असं कोर्टाने म्हटलं. तिची शिक्षा मात्र स्थगित ठेवली. मालकांनी अंगरख्याचे उरलेसुरले तुकडे ज्या देशातून आले तिकडे परत पाठवले आणि तिला कामावरून कमी केलं.

खटला चालू असताना कोर्टाच्या बाहेर एकदा हरिदास तिच्या समोरून गेला होता. डोळ्यावर पट्टी, तोंड वाकडं, बायकोने दंडाला धरलेलं. त्याने तिला पाहिलं आणि तो भिंतीला चिकटून चालू लागला. शशिकलाला वाटलं होतं, आपल्याला समाधान वाटेल नाहीतर लाज वाटेल. दोन्ही वाटलं नाही. फक्त उजव्या तळव्याला त्या वजनाचा गारवा जाणवला आणि तिने हात साडीला पुसला.

तिच्या डाव्या हाताची दोन बोटं आता वळत नाहीत. त्यामुळे घरी भाजी संजीव चिरतो. एका संध्याकाळी भेंडी चिरताचिरता त्याने मान वर न करता विचारलं, "बालाजी आला नसता तर?"

"मारून टाकलं असतं," शशिकला म्हणाली.

संजीवने सुरी खाली ठेवली. पलीकडच्या खोलीत अनय इंग्रजीतून कुठलीशी कविता पाठ करत होता. संजीव जरा वेळ त्याचा आवाज ऐकत बसला, मग त्याने सुरी उचलली आणि उरलेली भेंडी चिरायला घेतली.