चौथ्या वर्गाचा हप्ता

मित्रांनो, मी विमा कचेरीतले एक जुने दरपुस्तक आहे. कपाटाच्या तळाशी पडले आहे. शिवण सुटली आहे, कडा उंदरांनी कुरतडल्या आहेत.

माझा जन्म मेलेल्या माणसांच्या मोजणीतून झाला. हजार शिक्षकांत वर्षाला किती दगावले, हजार खाणकामगारांत किती, हे मुख्य कचेरीतल्या लोकांनी वर्षानुवर्षे मोजले आणि कामांचे चार वर्ग पाडले. शिक्षक पहिल्यात, पहारेकरी दुसऱ्यात. खाणीतले सगळे चौथ्यात, आणि त्यांचा हप्ता पहिल्याच्या तिप्पट. माझे आकडे अचूक म्हणून साहेब लोक मला वाखाणत. मलाही त्याचा अभिमान वाटे.

एकदा खाणीतला एक सुरुंगवाला बायकोला घेऊन आला. कारकुनाने माझे पान उघडून हप्ता सांगितला, तसा त्याचा चेहरा उतरला. कारकून मनाने वाईट नव्हता. त्याने जरा विचार केला आणि अर्जावर काम लिहिले: पहारेकरी.

"पण हे पहारा कुठे देतात?" बायकोने विचारले.

"कागदावर देऊ द्या, वहिनी. हप्ता तरी झेपेल."

तिला ते पटले नाही. पण मुलगी लहान होती, नवऱ्याचे काम जिवावरचे होते. त्याने सही केली. तीन वर्षे एकही हप्ता चुकला नाही. चौथ्या वर्षी एक सुरुंग वेळेआधी उडाला आणि सुरुंगवाला जागीच गेला.

बायकोने विम्याच्या पैशांसाठी दावा केला, तेव्हा मुख्य कचेरीतून तपासनीस आला. कारकुनाच्याच टेबलावर मला उघडे ठेवून त्याने तिला अगदी हळू आवाजात विचारले, नवरा काय काम करायचा?

"सुरुंग लावायचे," ती म्हणाली.

दावा तिथेच संपला. खोटी माहिती दिली, असा शेरा पडला. तिने कारकुनाकडे पाहिले. त्यालाही नोकरी होती, घर होते. तो माझ्या पानात डोके खुपसून बसला.

वर्षभराने ती पुन्हा आली, मुलीला घेऊन. या वेळी स्वतःचा विमा उतरवायला. कारकून बदलून गेला होता. नव्या कारकुनाने काम विचारले.

"त्याच खाणीत दगड फोडते. तसंच लिहा."

त्याने चौथा वर्ग काढून आकडा सांगितला. तिने तो ऐकला, अर्जाची घडी घातली आणि मुलीचा हात धरून निघून गेली.

मित्रांनो, माझा एकही आकडा खोटा नव्हता. त्या खाणीत माणसे खरोखरच जास्त मरत. पण मला रोज उघडणाऱ्यांपैकी एकानेही, ती का मरतात, हे तिथे जाऊन पाहिले नाही. आता माझ्या जागी संगणक आला आहे. उद्या तुमच्यापैकी कुणी त्याच्यासमोर बसेल. दर जरूर पाहा. मग उठा आणि खाणीपर्यंत चालत जा. ती लांब नाही. सुरुंग उडाला की या कपाटाची दारे थरथरतात.