उपलब्ध माल

दादाचा पाय गेल्यापासून त्या लहानशा कारखान्यातलं मोठं मशीन झाकूनच ठेवलेलं होतं, आणि वरच्या खोलीत बसून कॉम्प्युटरवर सुट्या भागांची मॉडेल्स करणाऱ्या धाकट्या भावाने मनाशी पक्कं केलं होतं की कृत्रिम पाय घडवून दादाला पुन्हा उभं करायचं ते आपणच. दादाचा उरलेला पाय अपघातात वाकडा झालेला, म्हणून नमुन्यासाठी धाकट्याने स्वतःचाच पाय स्कॅन केला.

"बरं झालं," दादा म्हणाला, "कुणाच्या तरी कामी येईल. एरवी दिवसभर खुर्चीखाली नुसता लोंबकळतोय!"

धाकटाही हसला. दादाची जीभ तिखट, पण पोटात माया, हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं.

मॉडेल दिलं की पुढचं सगळं प्लॅनिंगचा प्रोग्राम ठरवायचा: कोणता माल घ्यायचा, कुठे पकडायचा, किती कापायचा. माल मॉडेलच्या जितका जवळचा तितकं कापणं कमी, हा त्याचा साधा हिशेब. पहिल्या प्लॅनमध्ये ॲल्युमिनियमचा ठोकळा होता आणि कापण्याच्या पायऱ्यांची लांबलचक यादी. दादाने खालच्या कॉम्प्युटरवर तो तपासून परत पाठवला. दुसऱ्यात पायऱ्या निम्म्यावर आल्या. तिसऱ्यात घोट्याला, पोटरीला कुठेच हत्यार लागत नव्हतं. कापायचं होतं ते एकदाच, गुडघ्याच्या वर. मालापुढे नुसतं 'उपलब्ध'.

"काहीतरीच!" तो पुटपुटला. असा माल गोदामात असता तर पाय घडवायचाच कशाला? त्याने मॉडेल पुन्हा टाकलं. प्लॅन तोच आला, आणि खाली दादाची मंजुरीही पडलेली होती. त्याची नजर खाली स्वतःच्या पायाकडे गेली, मग स्वतःचीच लाज वाटली. सख्ख्या भावाबद्दल असं मनात तरी कसं यावं!

तो जिना उतरून आला तेव्हा मशीनवरचं कापड काढलेलं होतं, आणि कुबडी भिंतीला टेकवून दादा कटर बसवत होता.

"दादा, प्लॅन चुकलाय रे."

"नाही. मी नीट तपासलाय."

"अरे, पण माल..."

दादा कटर आवळत राहिला. मशीनपाशी वहिनी वाकल्या होत्या. पकडीच्या लोखंडी जबड्यांना त्या मऊ टॉवेल गुंडाळत होत्या, कडा नीट आत दुमडून. त्याला पाहून त्या नेहमीसारख्याच मायेने हसल्या.

"या, भावजी. लोखंड गार लागेल म्हणून घातलाय."