ज्याचं मशीन वाजेल तो बाद

माणूस ओळखता येत नाही तुम्हाला, आणि बसलात मात्र माणसांची पारख करायला! वर्गणीचं संकेतस्थळ चालवता तुम्ही. कुणाला नवी वस्तू सुचली की त्यानं ती तुमच्याकडे मांडायची, लोकांनी आगाऊ पैसे घालून ती घडवून घ्यायची, आणि तुम्ही मधे बसून आपला वाटा कापून घ्यायचा. घ्या बापडे. पण ज्यांच्या जिवावर दुकान चालतं, त्यांनाच खोटं ठरवायचा अधिकार तुम्हाला दिला कुणी? काल काय घडलं ते आता ऐकाच. तुमच्यापैकी एकही तिथे नव्हता.

"तांबडीत आहे मी! आईशप्पथ, तांबडीत!" बेकरीवाला खुर्चीतून ओरडला.

"म्हणजे तांबडीत नक्कीच नाही," हेडबाई म्हणाल्या. जन्मभर पोरांच्या थापा ऐकलेल्या, निवृत्त झालेल्या मुख्याध्यापिका त्या. "शिपाई मी आहे. माझी धाड निळ्या खिडकीवर."

मशीनवाली ताई खुर्च्यांमधून धावली, प्रत्येकाच्या हाताखालचं पुठ्ठ्याचं खोकं उचकून पाहिलं आणि जाहीर केलं, "बेकरीवाले सापडले!"

वॉर्डात हशा उसळला. बेकरीवाला उसळून उठायला गेला, नळी मुडपली आणि त्याचं मशीन टीं टीं करून बोंबलायला लागलं.

"दुहेरी बाद!" शेवटच्या खुर्चीतून कंडक्टर काका गरजले. "ज्याचं मशीन वाजेल तो बाद! नियम म्हणजे नियम. उतरा खाली गाडीतून!"

डायलिसिसचा वॉर्ड हा. भिंतीलगत ओळीनं खुर्च्या, प्रत्येक खुर्चीशेजारी माणसाएवढं मशीन. एका हातात सुया, त्यातून रक्त बाहेर जातं, धुऊन परत येतं. तो हात हलवायचा नाही. चार तास. एक दिवसाआड. जन्मभर. मशीनं लावायची, नळ्या भरायच्या, आकड्यांवर डोळा ठेवायचा, हे ताईचं काम. पण ती मशीनबरोबर माणसंही बघायची, तिथेच सगळं सुरू झालं.

दोन महिन्यांपूर्वी कंडक्टर काकांनी दोन पाळ्या बुडवल्या होत्या. तिसऱ्याला आले ते सुजून, धापा टाकत. ताईनं झापलं तर म्हणाले, "चार तास छताकडे बघत मरण्यापेक्षा घरी उताणा पडून मरतो. पंखा तरी आपला असतो."

ते वाक्य ताईच्या डोक्यातून जाईना.

ताईला एक नाद होता. दुपारच्या चहाबरोबर लोक बिस्किट खातात, ती तुमचं संकेतस्थळ उघडायची. रोज नव्या वस्तू, नवे खेळ! जगात कुठेतरी कुणीतरी आपल्या माळ्यावर बसून काहीतरी भन्नाट बनवतंय, आणि आपण बोट दाबलं तर ते जन्माला येतंय, या विचारानंच तिला गुदगुल्या व्हायच्या. ठेचाही बक्कळ खाल्लेल्या. अंडं उकडलं की आरवणारा प्लास्टिकचा कोंबडा घेतला, तो आला दोन वर्षांनी आणि पाणी तापायच्या आधीच आरवायला लागला. 'कधीच न गळणारी छत्री' घेतली, ती आलीच नाही. म्हणजे गळलीही नाही. करणाऱ्यानं शब्द पाळला म्हणायचा. तिचा नवरा म्हणायचा, "तुझ्या वस्तू दोनच जातीच्या. आल्या त्या चालत नाहीत, आणि चालणाऱ्या येत नाहीत."

पण ठेचांतूनच पाय शहाणा होतो. चित्रफितीत वस्तू हवेत नुसती गरागरा फिरत असेल तर ताई पुढे सरकायची. ती अजून जन्मलेली नाही, नुसतं बारशाचं आमंत्रण आहे. वस्तू कुणाच्या तरी हातात हवी, आणि त्या हाताच्या नखात मळ असला तर फारच उत्तम. 'अजून इतकं जमलेलं नाही' असं करणारा एकदा तरी कबूल करतो का, हे ती कान देऊन ऐकायची. लोकांच्या शंका वाचायची. उत्तरं उर्मट असली तरी चालतील, पण असायला हवीत. इतकं करून मन गुंतलंच, तर ती त्या खेळाची नक्कल पुठ्ठ्याची बनवून खेळून बघायची. पुठ्ठ्याचा खेळ रंगला नाही तर लाकडाचाही रंगत नाही.

असंच चाळताना 'गुपचूप' सापडला. बनवणारा एक घड्याळजी. घड्याळं दुरुस्त करणारा म्हातारा माणूस, चित्रफीत स्वयंपाकघरात काढलेली, अर्धा वेळ कॅमेऱ्याच्या भिंगावर त्याचाच अंगठा. हातात तळव्याएवढी लाकडी पेटी. "ही खुर्चीच्या हाताला अडकते," तो म्हणाला. "एका हातानं चक्र फिरवायचं आणि चारांतल्या एका रंगाच्या खिडकीमागे लपायचं. शिपाई एका रंगावर धाड घालतो. त्या रंगात जो लपलाय त्याच्या पेटीवर दिवा लागतो. शेवटी उरेल तो जिंकला. एकमेकांच्या जवळ जावं लागत नाही. माझी बायको डायलिसिसला बसायची, तिच्यासाठी केला. दिवा कधीकधी उशिरा लागतो. त्यावर काम चालू आहे."

ताईचा चहा निवला. वस्तू हातात होती. नखात मळ होता. उणं त्यानं स्वतःच सांगितलं होतं.

दुसऱ्याच दिवशी तिनं हातमोज्यांच्या रिकाम्या खोक्यांच्या पेट्या कापल्या. पुठ्ठ्याला दिवा कुठून असणार? दिव्याचं काम ताईनंच पळापळ करून करायचं. पण खेळ असा पेटला म्हणता! शेजारच्या खुर्चीतल्या माणसाचं नावगाव न विचारणारी माणसं एकमेकांना लबाड, चोर, ठग म्हणायला लागली. आणि कंडक्टर काका पाळीच्या तासभर आधी येऊन दाराशी उभे राहायला लागले.

तर काल बेकरीवाल्याचं मशीन शांत करून ताई वळली, तो दारात मोठ्या सिस्टर. वॉर्डाच्या प्रमुख.

"हे काय चाललंय?"

"करमणूक," काका म्हणाले.

"काका, तुमच्याशी नाही बोलत मी. ताई, मघाशी पलीकडचं मशीन वाजत होतं आणि तू इकडे खोकी उघडत होतीस. उद्यापासून हे बंद. तू मशीन बघायचं, खोकी नाही."

खरं होतं ते. ताईनं मान खाली घातली.

"सिस्टर," ताई म्हणाली, "खऱ्या पेट्यांना दिवे असतात. मला उठावंच लागणार नाही."

"मग आणा खऱ्या!"

"अजून बनल्या नाहीत. आज मोहिमेचा, वर्गणी गोळा करायचा, शेवटचा दिवस आहे. आणखी वीस पेट्यांना मागणी आली तर बनतील. नाहीतर घड्याळजींचा खेळ खलास."

हेडबाई म्हणाल्या, "मग बसलाय काय? काढा फोन!"

आणि काय सांगावं, वॉर्डाला जत्रेचं रूप आलं! बेकरीवाल्यानं मोकळ्या हातानं एक पेटी नोंदवली, मग म्हणाला, "दुकानात पोरं बसलेली असतात, त्यांना एक." हेडबाईंनी आधी सगळ्या अटी चष्मा लावून वाचल्या, त्यात दोन चुका काढल्या, मगच नोंदवली. काकांकडे बटणांचा फोन. त्यांनी शर्टाच्या खिशातून नोटा काढून ताईच्या हातात कोंबल्या. "माझं तिकीट फाड तू. एक पूर्ण." ताईनं आपल्याच फोनवर त्यांचं खातं उघडलं, आपल्याच कार्डानं पैसे भरले. ते बघून ज्यांना एका हातानं जमत नव्हतं ते सगळे "माझंही कर" म्हणाले. बाहेर बाकावर ताटकळणारे नातेवाईक आत डोकावले, फरशी पुसणाऱ्या मावशी फडकं टाकून आल्या. "पोरीला घेते गं एक," म्हणाल्या.

"किती राहिले?" काका दर मिनिटाला ओरडत. "पुढे सरका, पुढे जागा आहे!"

"पाच! ... तीन! ... काका, एकच राहिली!"

ताईनं वर बघितलं. मोठ्या सिस्टर टेबलाशी उभ्या, हातात फोन, कपाळाला आठी.

"इथे पत्ता कुठला घालायचा?" त्यांनी विचारलं. "घरचा की वॉर्डाचा?"

आकडा भरला! पडद्यावर हिरवी पट्टी टोकाला टेकली आणि वॉर्डात असा आरडाओरडा झाला की चार मशीनं एकदम वाजायला लागली. "सगळे बाद!" म्हणत हेडबाई टाळी वाजवायला हात उचलणार, तो ताईनं झेप घेऊन धरला.

ते वाजणं थांबवून ताईनं फोन पुन्हा हातात घेतला, तेव्हा हिरवी पट्टी नव्हती. करड्या चौकटीत तुमचा मजकूर होता. तिनं तो मोठ्यानं वाचला.

"एकाच ठिकाणाहून, एकाच यंत्रावरून, काही मिनिटांत उघडलेली खाती आढळली आहेत. हे पाठीराखे खऱ्या व्यक्ती नाहीत. मोहीम रद्द करण्यात येत आहे. निर्णय अंतिम."

"म्हणजे?" बेकरीवाल्यानं विचारलं.

"म्हणजे त्यांना वाटतंय, आपण कुणीच नाही. मीच बसून खोटी माणसं बनवली." ताईनं फोन पालथा ठेवला. "माझंच चुकलं. एका फोनवरून करायला नको होतं."

"मी खरा नाही?" कंडक्टर काका सुया टोचलेल्या हाताकडे बघत म्हणाले. "मग ही सुई कुणाला टोचली?"

"पेपर न तपासताच नापास केलं," हेडबाई म्हणाल्या. "असल्या मास्तरला मी शाळेच्या फाटकातून आत येऊ दिलं नसतं."

पैसे परत आले तुमच्याकडून, लगेच आले. तक्रार त्याची नाही. ताईनं तुम्हाला लिहिलं, तर डोळ्याचं पातं लवायच्या आत उत्तर: निर्णय अंतिम. वाचलं कुणी? मग तिनं घड्याळजींना लिहिलं, माफी मागितली. त्यांचं उत्तर यायला तासभर लागला, माणूस होता ना. "ताई, मनाला लावून घेऊ नका. पुन्हा मोहीम मांडायला ते मला बंदी करताहेत, पण हरकत नाही. दिवा आता वेळेवर लागतो."

ताईनं ते वाचून दाखवलं नाही. फोन मोठ्या सिस्टरांपुढे धरला. त्यांनी वाचला, चष्मा काढला, पुसला.

"सगळ्यांचा फोटो काढ," त्या म्हणाल्या. "मी लिहून देते, सहीशिक्क्यानिशी."

तो फोटो तुमच्याकडे आलेला आहे. नीट बघा. प्रत्येक खुर्चीत एक माणूस, एक हात सुयांसकट निपचित, दुसरा वर केलेला. बेकरीवाल्याचा भाजलेल्या डागांचा. हेडबाईंचा सरळ, कोपरात न वाकलेला. मागे मावशींचा, अजून ओला. शेवटच्या खुर्चीत कंडक्टर काकांचा, बोटं ताणलेली, घंटीची दोरी ओढतात तसा.

फोटो गेल्यावर सुया निघाल्या, पट्ट्या बांधल्या गेल्या. काका उठले, भिंतीला धरून दारापर्यंत गेले आणि वळले.

"परवा लवकर येतो मी," ते ताईला म्हणाले. "त्यांचं काय उत्तर येतंय ते ऐकायचंय मला."

परवा उद्यावर आला आहे. तो माणूस दारात उभा राहून पहिला हाच प्रश्न विचारणार. ताईनं त्याला काय सांगायचं? बोला.