वीतभर खाली

गल्लीच्या तोंडाशी दुकानं होती आणि शेवटाला मैलापाण्याचं पंपिंग स्टेशन. वरच्या घरांनी जे काही धुतलं, सांडलं, सोडलं, ते सगळं उतरत उतरत तिथल्या खोल विहिरीत जमायचं आणि दोन पंप ते उचलून पुढे ढकलायचे. पंपात चिंधी अडकली की विहीर भरू लागायची. पाणी ठरावीक उंचीला आलं की त्यावरचा तरंगता गोळा उचलला जायचा आणि छपरावरचा भोंगा असा बोंबलायचा की मेलेलं माणूससुद्धा कूस बदलेल. तरीही पाणी चढत राहिलं तर ते मागे फिरायचं, आणि मागे फिरताना त्याला पहिलं घर लागायचं किल्लीवाल्याचं. अख्ख्या गल्लीत त्याचीच खोली रस्त्यापासून खाली उतरून होती.

त्या खोलीत त्याची आई खाटेवर पडून असे. अर्ध्या अंगावरून वारं गेलेलं, पण जीभ शाबूत आणि चांगली धारदार. किल्लीवाला दिवसभर गल्लीच्या तोंडाशी टपरीत किल्ल्या घासत बसायचा. भोंगा वाजला की हातातलं काम टाकून घरी धावायचा, मोरीच्या तोंडात ओलं पोतं कोंबायचा आणि वर दगड ठेवायचा. एकदा धावूनही उशीर झाला. काळं पाणी खाटेखाली शिरलं आणि म्हातारीची लोंबती चादर त्यात भिजली.

त्याच्या बहिणीचा नवरा, म्हणजे दाजी, त्याच स्टेशनवर ऑपरेटर होते. सासू-जावयाचं एरवी विळ्याभोपळ्याचं सख्य. पण ती चादर दाजींनी पाहिली. कुणाला न विचारता त्यांनी विहिरीतला गोळा वीतभर खाली बांधला.

"आता लवकर वाजेल. तुला उसंत मिळेल," ते म्हणाले. "पण याची वाच्यता नको. माझ्या पोटावर पाय येईल."

भोंगा लवकर वाजू लागला, आणि फार वाजू लागला. सकाळी सगळ्यांच्या आंघोळी झाल्या की वाजे, दुपारी धुणी पडली की वाजे. बहुतेक वेळा पंप पाणी ओढून घ्यायचे आणि काही घडायचं नाही. किल्लीवाला मात्र दर वेळी धावायचा. लोक हसायचे. ज्याचं जळतं त्यालाच कळतं, दुसरं काय.

किल्लीवाल्याच्या वरच्या मजल्यावर पाववाला राहायचा. रात्रभर भट्टीपाशी राबायचं आणि दिवसा झोपायचं, हा त्याचा धंदा. त्याचे डोळे सुजून लाल झाले. एकदा झोपेच्या तारेत त्याचा हात भाजला. शेवटी त्याने आणि समोरच्या मास्तरीणबाईंनी गल्ली गोळा केली आणि पालिकेच्या साहेबांना स्टेशनच्या आवारात आणलं.

तक्रारी तीन होत्या: वास, माश्या आणि भोंगा. वासासाठी यंत्र बसवावं लागेल, त्याला मंजुरी हवी, साहेब म्हणाले. माश्यांसाठी पावडर मारू. भोंग्याचं मात्र आजच बघतो. फुकटात होण्यासारखं तेवढंच होतं.

"हा इतका का वाजतो हो?" त्यांनी दाजींना विचारलं.

दाजींनी किल्लीवाल्याकडे पाहिलं. गर्दीत बहीणही होती, तिनेही पाहिलं. भोंग्यासाठी तोंड उघडलं तर साहेब गोळा तपासणार आणि तिच्या घरची चूल विझणार, नाही उघडलं तर आईच्या उशाशी पाणी. इकडे आड आणि तिकडे खरोखरच विहीर. किल्लीवाल्याला भीती वाटत होती, आणि दाजींचा रागही येत होता. त्यांनी स्वतःच काहीतरी बोलावं असं त्याला वाटत होतं.

"जुना झालाय, साहेब. बिघडलाय," दाजी म्हणाले.

"मग काढून टाका. त्याऐवजी लाल दिवा लावा."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. दिवा लागला. तो स्टेशनच्या दारातून छान दिसायचा, टपरीतून अजिबात नाही. "पेटला की मी तुला फोन करीन," दाजींनी शब्द दिला.

त्यांनी शब्द मोडला असं कुणी म्हणू नये. एका भर दुपारी पंपात चादरीचा तुकडा अडकला, दिवा पेटला, आणि दाजींनी फोन लावला. पुन्हा लावला. लावतच राहिले. किल्लीवाल्याचं घासायचं मशीन चालू होतं. भोंगा त्या घरघरीवरूनही ऐकू यायचा. खिशातला फोन कसा येणार? गिऱ्हाईक किल्ली घेऊन गेलं तेव्हा त्याने फोन पाहिला आणि धावला.

पाणी घोटाभर होतं. आई खाटेवर नव्हती. मोरी बुजवायला ती स्वतः उतरली होती, कशी ते देव जाणे. मोरीच्या अलीकडे पालथी पडलेली, आणि धड हाताच्या मुठीत पोत्याचं टोक. घोटाभर पाणी पालथ्या माणसाला पुष्कळ होतं.

मग गल्लीच्या गल्ली लोटली. बादल्या आल्या, कोरड्या चादरी आल्या. पाववाल्याने म्हातारीला उचलून खाटेवर ठेवलं आणि तो भिंतीला टेकून हुंदके देऊ लागला. तिने हाका मारल्या असतील, आणि तो बरोबर डोक्यावर ढाराढूर झोपलेला.

मास्तरीणबाई उंबऱ्यावर उभ्या होत्या. "अहो, त्या दिवशी का नाही बोललात? माझ्या आईसाठी भोंगा राहू द्या, एवढंच म्हणायचं होतं. आम्ही काय वैरी होतो का तुमचे?"

बहीण आईच्या केसांतली घाण पुसत होती. तिचा हात थांबला. तिच्यामागे दाजी उभे होते, खांद्यापर्यंत चिखलाने माखलेले, रडत.

"सुचलं नाही, बाई," किल्लीवाला म्हणाला.

बहिणीचा हात पुन्हा चालू लागला. त्याने बादली उचलली आणि पाणी बाहेर फेकायला लागला. सख्ख्या आईसाठीसुद्धा ज्याचं तोंड उघडलं नाही तो माणूस, असं गल्ली त्याच्याबद्दल आजही बोलते. दाजी तिथेच कामावर आहेत.