लांब मानेची अळंबी

घराच्या अगदी पोटात एक खोली होती. चारी बाजूंना दुसऱ्या खोल्या, वर माळा, आणि खिडकी औषधालाही नाही. त्या खोलीत वारा म्हणे भिंती उभ्या राहायच्या आधी एकदा येऊन गेला होता. डाससुद्धा दारापर्यंत यायचे, आत डोकावायचे आणि नाक दाबून माघारी फिरायचे.

याच खोलीत धाकट्या सुनेने अळंबी लावली. उकळून निथळलेला पेंढा, त्यात बी, अशा भरलेल्या पिशव्या फळ्यांवर खालपासून वरपर्यंत मांडल्या. पहिला बहार आला तो असा, की बघणाऱ्याने तोंडात बोट घालावं. टोप्या सदऱ्याच्या बटणाएवढ्या, आणि माना? खालच्या फळीवरची अळंबी वरच्या फळीवर काय चाललंय ते वाकून बघत होती!

कोपऱ्यावरच्या खानावळीचा आचारी माल बघायला आला. त्याने एक दांडा चिमटीत धरून उचलला.

"बाई, ही अळंबी की बगळ्यांची वरात?"

"चवीला काही फरक नाही, दादा."

"नसेल. पण गिऱ्हाईक टोपी खातं. माना कशाला? मालकापुढे खाली घालायला माझी एक आहे तेवढी पुरे." मग धाकटीचा चेहरा बघून जरा मऊ झाला. "दुसऱ्या बहराला सांगावा धाडा. अजून एकदा येईन. एकदाच."

हे थोरल्या दिरांनी ऐकलं आणि त्यांना आनंदाच्या उकळ्या फुटल्या. ते जुने टायर घ्यायचे-विकायचे, आणि ही खोली त्यांना टायर ठेवायला कधीपासून हवी होती.

"बाबा, अळंबी हवेसाठी माना ताणतेय, तिने खोली नापास केली. टायरला हवा लागत नाही."

"भाऊजी, सगळ्या जगात टायरलाच तेवढी हवा लागते," धाकटी म्हणाली.

सासऱ्यांनी हसू मिशीत दाबलं आणि निवाडा केला. "दुसरा बहार आचाऱ्याने उचलला तर खोली तुझी. नाहीतर टायरची. आणि एक सांगून ठेवतो, भिंतीला हात लावायचा नाही. एक वीट हलली तर माळा माझ्या डोक्यात येईल."

धाकटीच्या नवऱ्याने दोन्ही बाजूंना मान डोलावली. त्या दिवशी घरात हवा हलली ती तेवढीच.

धाकटीने पदर खोचला. आधी टेबलावरचा पंखा आणून आत लावला. पंखा घोंघावला, पिशव्या थरथरल्या, आणि नव्याने डोळे उघडणारे कोंब सुकून बेदाणे झाले. जाऊबाई दाराशी येऊन टेकल्या.

"अगं, कालची आमटी कितीही ढवळली तरी आजची होते का?"

टोमणाच होता, पण धाकटीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. खरंच की! आतली हवा आतच गरगरत होती. शिळी गेल्याशिवाय ताजी येणार कुठून? आणि शिळी बसते कुठे? ती फळ्यांपुढे उकिडवी बसली. वरच्या फळीवर उरलेल्या चार टोप्या बऱ्या होत्या. खाली उतरावं तशा माना लांबत गेलेल्या. म्हणजे शिळी हवा तळाशी बसली होती, लग्नघरातल्या रुसलेल्या आत्याबाईसारखी. तिला तिथूनच उठवायला हवं होतं.

ती करवत घेऊन आली.

"भिंतीला हात लावायचा नाही!" सासरे ओरडले.

"भिंतीला कोण लावतंय, बाबा? दाराबद्दल तुम्ही काही बोलला नाहीत."

सासऱ्यांनी आठवून पाहिलं. खरंच बोलले नव्हते.

दाराच्या वरच्या अंगाला तिने लांब फट पाडली आणि तिच्यावर ओलं फडकं ताणलं, म्हणजे येणारी हवा गार, ओलसर यावी. तळाला गोल भोक पाडून पंखा बसवला, तोंड बाहेर. पुढच्या खोलीपलीकडे सरळ रेषेत परसदार, तेव्हा शिळी हवा थेट मागच्या अंगणात. तिथे सासरे स्टुलावर बसायचे.

"अरे, माझ्या पोटऱ्यांवर कोण फुंकर घालतंय?"

"खोली उसासा टाकतेय, बाबा!"

धाकटी हरखली. पण हरखून भागणार नव्हतं. तिने सुतळीचा तुकडा पेटवून विझवला आणि धुराचा माग काढत आत गेली. दाराशी धूर शहाण्या मुलासारखा पंख्याकडे पळाला. दोन पावलं आत गेल्यावर रेंगाळला. मागच्या कोपऱ्यात मात्र खांबासारखा उभा राहिला. त्यावर खुंटी ठोकून पिशवी अडकवता आली असती. वारा वरून यायचा, दाराच्या अंगाने उतरायचा आणि खालून निघून जायचा. उंबऱ्यावरच पाणी पिऊन परतणारा पाहुणा! घर बघितलंय कोणी?

पंखा थेट मागच्या कोपऱ्यातून ओढायला हवा होता. त्याला नळी हवी, चांगली रुंद, दारापासून पार मागच्या भिंतीपर्यंत. ती आणायची कुठून?

बोळात भाऊजींचे स्कूटरचे टायर येऊन पडले होते. निकालाची वाट बघण्याइतकाही त्यांना दम नव्हता. धाकटी रागाने एक टायर बाजूला सारायला गेली आणि तो हातात उभाच धरून राहिली. टायरच्या भोकातून पलीकडे जाऊबाई दिसत होत्या, भुवया उडवत.

"काय बघतेस?"

"जाऊबाई, एवढे टायर आत न्यायला हात लावाल?"

"हरलीस?"

"आधी आणू तर."

दोघींनी टायर खोलीत ढकलले. धाकटीने एकाला एक खेटून उभे केले, ओळीने, पंख्यापासून मागच्या कोपऱ्यापर्यंत. जाऊबाईंना उमगलं तेव्हा त्या पोट धरून हसल्या, आणि हसता हसताच जुन्या ट्यूबा फाडून फटींवर घट्ट गुंडाळू लागल्या. भुयार असं झालं की मांजर एका टोकाने शिरलं ते दुसऱ्या टोकाला म्हातारं होऊन निघालं म्हणतात.

पंखा सुरू केला. मागच्या कोपऱ्यात सुतळी धरली. धूर क्षणभर थबकला, वाकला, आणि सुर्रकन टायरात शिरला. पाठोपाठ वरच्या फटीतून ताजी हवा पार मागच्या भिंतीपर्यंत आली. धाकटीच्या कपाळावरची बट हलली.

"हलली गं बाई!" जाऊबाई म्हणाल्या.

भाऊजी घरी आले. खोलीत टायर बघून खूश झाले. "बघा, अखेर टायरच आत गेले!"

"गेले ना," जाऊबाई म्हणाल्या. "आता कामालाही लागलेत. तुमच्यासारखे बसून नाहीत."

कोंब पुन्हा फुटले. धाकटी फडकं भिजवत राहिली, सकाळ-संध्याकाळ सुतळी फिरवत राहिली. यावेळी माना आखूड राहिल्या आणि टोप्या पसरल्या. एका टोपीखाली तर पाऊस लागला असता तर सासरे स्टुलासकट मावले असते.

आचारी आला. सगळ्यात खालच्या फळीपाशी वाकला, एक घोस तोडला, उलटा केला, हुंगला. धाकटीचा जीव टांगणीला.

"माना कुठे गेल्या?" त्याने विचारलं.

"टायरातून बाहेर."

त्याला काही कळलं नाही, पण त्याने टोपली पुढे केली. "खालचे आधी घाला. आणि बाकीचे दुसऱ्या कोणाला दाखवू नका."

सासऱ्यांनी तिथल्या तिथे खोलीची किल्ली धाकटीच्या हातावर ठेवली आणि आपलं स्टूल वाऱ्याच्या वाटेतून बाजूला घेतलं.

दुसऱ्या दिवशी भाऊजी दाराशी घुटमळले. "गिऱ्हाईक आलंय. त्या ओळीतला मधला टायर त्याला हवाय."

"न्या की, भाऊजी," धाकटी म्हणाली. "त्याच मापाचा दुसरा आणा, आधी तो बसवा, मग हा न्या. आणि ट्यूब घट्ट गुंडाळा. फट राहिली तर मी सुतळी घेऊन येईन."

भाऊजी गुडघ्यांवर बसले आणि ट्यूब गुंडाळू लागले.