चौथ्या मिनिटाचे स्टूल

मित्रांनो, मी एक जुने, तीन पायांचे स्टूल आहे. चौथा पाय सुताराच्या मनात होता, पण लाकूड संपले. मावशीने मला ऑर्गनपुढे ठेवले. तेव्हापासून वीस वर्षे मी तिचा भार वाहिला आणि कौतुक ऑर्गनचे झाले.

मावशीच्या जॅझ त्रिकुटात गिटारवर तिचा भाचा आणि ड्रमवर शेजारचे दातांचे निवृत्त डॉक्टर. त्यांनी भर कार्यक्रमात, प्रेक्षकांसमोर अल्बम ध्वनिमुद्रित केला. सर्वांत संथ रचनेत चौथ्या मिनिटाला तिघेही क्षणभर थांबतात. नेमकी तिथे मावशी कलली आणि मी करकरले. अल्बममध्ये ते जसेच्या तसे उतरले.

भाच्याने जाहीर केले, वर्तमानपत्रातल्या समीक्षकांनी त्या आवाजावर बोट ठेवले, तर या स्टुलाचे सरपण होणार. पुढचे नऊ दिवस मी सरपण म्हणूनच जगले.

दहाव्या दिवशी सकाळी परीक्षण आले. भाच्याने उभ्यानेच वाचले. ‘गिटार ठीक. ऑर्गन ठीक. परंतु चौथ्या मिनिटाचा तो व्याकूळ स्वर काळजाला घरे पाडतो. त्या वादकाचे नाव का दिलेले नाही?’

“चौदा वर्षं बोटं झिजवली मी,” भाचा म्हणाला, “आणि नाव कुणाचं, तर स्टुलाचं.”

“मग उभा का? बस की त्याच्यावर,” मावशी म्हणाली.

त्या परीक्षणामुळेच सभागृहाने दुसरा कार्यक्रम दिला. समीक्षक पहिल्या रांगेत येणार होते. आता मी करकरले नाही, तर तिघांची शोभा होणार होती. पडदा उघडायला पाच मिनिटे असताना डॉक्टरांनी भाच्याच्या पाठीवर थाप मारली. ते परीक्षणे वाचत नाहीत, आणि दात असो की स्टूल, दुखऱ्या जागी हात घातल्याशिवाय त्यांना राहवत नाही.

“निर्धास्त राहा रे. परवाच तेल घातलंय सांध्यांना. आता हूं की चूं करणार नाही.”

भाचा पांढराफटक पडला.

चौथे मिनिट आले. तिघे थांबले. मावशी डावीकडे कलली, मग उजवीकडे. मी जीव एकवटला. काही नाही. समीक्षक कान देऊन पुढे झुकले, आणखी झुकले, आणि त्यांची खुर्ची करकरली.

टाळ्या थांबेनात. दुसऱ्या दिवशी छापून आले, ‘तो स्वर आता अधिक प्रगल्भ झाला आहे. जणू माझ्या आतूनच आला.’

भाचा आता मला रोज पुसतो. तेलाची बाटली कुलपात आहे. मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा, तेलपाणीही करा, पण आधी पाहा, ती वस्तू दुखते आहे की गाते आहे. आणि पहिल्या रांगेत बसलात तर जरा हळू झुका. त्या खुर्चीचे नाव अजून कुणी छापलेले नाही.