भिकुबाईचं बारसं दुसऱ्यांदा

लग्नाला महिना झाला नाही तोच सासऱ्यांनी भिकुबाईचं नाव बदलायला काढलं. सासरे, म्हणजे आबा, चोपड्याकडचे नावाजलेले केळीवाले. त्याचं झालं असं की, चोपड्याचा एक अडत्या ओट्यावर चहा पीत बसला होता. आतून कुणीतरी "भिकू!" अशी हाक मारली. अडत्या खो खो हसला. "नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा, हे ऐकलं होतं. आबा, तुमच्याकडे हाती पाटल्या आणि नाव भिकू!"

आबांना ते झोंबलं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, चार लोकांत गूळ वाटायचा आणि सुनेला मंजुळा म्हणायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं.

मंजुळा! भिकुबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. तिच्या आधीची तीन भावंडं पाळण्यातच गेली होती. ती जन्मली तेव्हा मायने पाच घरी पदर पसरला, चिंध्या मागून आणल्या आणि लेकीला त्यातच गुंडाळलं. भिकेचं पोर मरणाला कशाला हवं? म्हणून ती भिकू, आणि म्हणून ती जगली. आता माय नव्हती. मायचं म्हणावं असं तिच्याजवळ ते नावच तेवढं उरलं होतं, आणि तेही या अडत्याच्या दात काढण्यापायी जाणार?

पण सासऱ्यासमोर सून बोलणार कशी? बोलायचं तर सासूच्या आडून. आणि त्या घरात बोलायचीही एक अडचण होती. केर टाकतात त्या जागेचं नाव घरातल्या बायका घेत नसत, 'खताची जागा' म्हणत. झुंबरबाईने, म्हणजे सासूने, पहिल्याच दिवशी तिला तसं बजावलं होतं. कारण विचारल्यावर तिने नुसतं ओट्यावर बसलेल्या आबांकडे बोट दाखवलं होतं. भिकुबाई काय समजायचं ते समजली होती.

एकतीस सालची आखाजी आली. ओटा माणसांनी भरला, तो अडत्याही आला होता. गुळाचं ताट घेऊन भिकुबाई दाराआड उभी राहिली आणि ओट्यावर ऐकू जाईल अशा बेताने सासूला म्हणाली, "माय, आबासले ईचारा, नाव बदलानंच शे ते मोठासपाईन सुरुवात कराले नको का?"

"खरंच की!" अडत्याला चेव आला. "आबा आबा करता करता तुमचं नाव आम्ही विसरूनच गेलो. काय हो ते?"

दाराआडून भिकुबाईचा आवाज आला, "माय, मी ते नाव लेऊ कशी? पोर वाचत नही, तवय माय तेले जठे ठेवस आनि शेजारीन उचली लयस, ती जागानं नाव शे."

"उकिरडा!" अडत्या ओरडला. "उखर्डू! आबा, तुम्ही उखर्डू?"

झुंबरबाईने कानांवर हात ठेवले. ओटा हसून हसून लोळायच्या बेताला आला. आबा मात्र हसले नाहीत, चिडलेही नाहीत. त्यांनी दाराकडे पाहून थेट सुनेलाच विचारलं, "तुना मायनी कितला घर मांगं?"

"पाच."

"मना पहिले चार भाऊ गयात," आबा म्हणाले. "भिकू, गूळ आन. बारसाना नही. आपन दोन्हीजन वाचनूत, तेना."

भिकुबाई डोळे पुसत ताट घेऊन बाहेर आली. सगळ्यात मोठा खडा तिने अडत्याला दिला. तो तोंडात विरघळेपर्यंत त्याला काही बोलता आलं नाही.